आकडा पाळला, तरी सरोवर हिरवं : ईरीच्या फॉस्फरसचं प्रकरण

2 ऑगस्ट 2014. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं टोलेडो शहर. शनिवारची पहाट अजून उजाडायची होती, तेव्हा लोकांना सूचना मिळाली : नळाचं पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका. आणि उकळूही नका. गढूळ किंवा जंतू असलेल्या पाण्याच्या बाबतीत आपण हमखास जो उपाय सांगतो, तोच इथे वर्ज्य होता. पाण्यात मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष होतं. उकळल्याने ते मोडत नाही. उलट पाण्याची वाफ होऊन जाते आणि भांड्यात उरलेल्या पाण्यात विष जास्त दाट होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम आहे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याने ती ओलांडली होती. सोमवारी सकाळी बंदी उठली आणि महापौर डी. मायकेल कॉलिन्स यांनी कॅमेऱ्यांसमोर ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. तोपर्यंत चार ते पाच लाख माणसं बाटलीबंद पाण्यासाठी शेजारची गावं धुंडाळत होती.

टोलेडो पाणी घेतं ईरी सरोवरातून, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत असलेल्या एका विहिरीवजा बांधकामातून. त्या आठवड्यात वाऱ्याने निळ्या-हिरव्या शेवाळाची साय नेमकी तिथे आणून लोटली. त्या वर्षीचा थर काही विक्रमी नव्हता. 2011 साली तो सुमारे 5 हजार चौरस किलोमीटरवर पसरला होता. 2014 ला तो लहान होता, पण चुकीच्या जागी होता.

बातम्यांमध्ये प्रकरण इथे सुरू होऊन तिसऱ्या दिवशी संपलं. मला ते वाचावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. फॉस्फरस हे या शेवाळाचं खाद्य. ईरीमध्ये दर वर्षी किती फॉस्फरस जाऊ द्यायचा याचा आकडा अमेरिका आणि कॅनडाने 1978 मध्येच ठरवला होता : 11 हजार टन. हा आकडा 1980 च्या दशकात गाठला गेला आणि त्यानंतर बहुतेक वर्षं तो पाळलाही गेला. आकडा पाळला जात असताना सरोवर पुन्हा हिरवं कसं झालं?

मेलेलं सरोवर, पहिल्यांदा

उत्तर अमेरिकेतल्या पाच महासरोवरांपैकी ईरी सर्वांत दक्षिणेचं, सर्वांत उबदार आणि सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी 19 मीटर. त्याचं पश्चिमेचं खोरं तर साडेसात मीटरच्या आतबाहेर. पाणी साधारण अडीच वर्षांत बदलतं. म्हणजे हे सरोवर पटकन बिघडतं, पण चांगली वागणूक मिळाली तर पटकन सुधारतंही. दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

1960 च्या दशकात ईरीला वर्तमानपत्रांनी ‘मृत’ घोषित केलं होतं. किनाऱ्यावर शेवाळाचे कुजके ढीग साचत. मधल्या खोऱ्यात तळाच्या पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्यात संपून जाई. तळाच्या चिखलात वाढणारे मेफ्लाय कीटक 1953 नंतर पश्चिम खोऱ्यातून जवळजवळ नाहीसे झाले. त्या काळी सरोवरात वर्षाला 25 हजार टनांहून जास्त फॉस्फरस येत होता. त्याचा मोठा वाटा शहरांच्या सांडपाण्याचा होता, आणि सांडपाण्यात कपडे धुण्याच्या पावडरींचा. पाणी मऊ व्हावं म्हणून त्या पावडरींत फॉस्फेट भरपूर घालत.

दोष फॉस्फरसचाच आहे हे तेव्हा सर्वमान्य नव्हतं. साबण उद्योग कार्बनकडे बोट दाखवत होता. त्या वादाचा निकाल लागला कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, प्रयोगासाठीच राखून ठेवलेल्या तळ्यांमध्ये. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या अरुंद कमरेत प्लास्टिकचा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला. दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस. काही आठवड्यांतच फॉस्फरसचा भाग हिरवा झाला, दुसरा तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो पाण्याच्या अभ्यासकांच्या जगात कदाचित सर्वांत जास्त दाखवला गेलेला फोटो असेल. कागदभर आकडेमोडीने जे पटलं नसतं, ते त्या पडद्याने पटवलं.

त्याच्या आधीच, एप्रिल 1972 मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि कॅनडाचे पंतप्रधान पिएर त्रूदो यांनी महासरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला होता. मग सांडपाणी केंद्रांना लिटरमागे 1 मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा आली, पावडरींतलं फॉस्फेट उतरवण्यात आलं. नळ ओळखीचे होते, त्यामुळे ते बंद करता आले. ईरी सावरलं. 1990 च्या दशकात मेफ्लाय परतले, आणि ते इतके, की उन्हाळ्यातले त्यांचे थवे हवामानखात्याच्या रडारवर ढगांसारखे दिसू लागले. पर्यावरणाच्या इतिहासात यशाच्या गोष्टी मोजक्या आहेत आणि ही त्यांतली एक होती. मला वाटतं, म्हणूनच पुढचा बिघाड ओळखायला उशीर झाला.

टन तेच, रूप वेगळं

ईरीत येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के पाणी डेट्रॉइट नदी आणते, पण ते तुलनेने स्वच्छ असतं. पश्चिम खोऱ्याचा खरा त्रास आहे मॉमी नदी. ती इंडियानातल्या फोर्ट वेनपाशी सुरू होते आणि टोलेडोपाशी सरोवराला मिळते. पाण्याच्या हिशेबात तिचा वाटा पश्चिम खोऱ्यात पाच टक्क्यांच्या आसपास, फॉस्फरसच्या हिशेबात मात्र जवळपास निम्मा. तिचं पाणलोट क्षेत्र सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर असून त्यातला बहुतांश भाग मका, सोयाबीन आणि गव्हाखाली आहे.

या नदीच्या बाबतीत एक नशिबाची गोष्ट घडली. ओहायोतल्याच टिफिन गावच्या हायडेलबर्ग विद्यापीठात डेव्हिड बेकर यांनी 1970 च्या दशकाच्या मध्यापासून मॉमीच्या पाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात केली. आठवड्यातून एकदा नाही, रोज. आणि पुराच्या वेळी दिवसातून अनेकदा. नदी फॉस्फरस वाहून नेते ती वर्षातल्या मोजक्या पुराच्या दिवसांत. महिन्यातून एकदा बाटली भरून आणणाऱ्याच्या नोंदीत तो पूर बहुधा सापडतच नाही. कंटाळवाण्या, चिकाटीच्या या नोंदी नसत्या तर पुढचं काहीच कळलं नसतं.

नोंदी सांगत होत्या ते असं. एकूण फॉस्फरस फारसा वाढलेला नाही. मातीच्या कणांना चिकटून येणारा फॉस्फरस तर कमी होतो आहे. पण पाण्यात विरघळलेला फॉस्फरस 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत घटत आला आणि तिथून वळून वर जाऊ लागला. पुढच्या दशक-दीड दशकात तो दुपटीहून जास्त झाला.

ठरवलेली मर्यादा एकूण फॉस्फरसची होती. शेवाळ मात्र एकूण मोजत नाही. मातीच्या कणाला घट्ट धरून बसलेल्या फॉस्फरसपैकी पंचवीस-तीस टक्के त्याच्या उपयोगी पडतो, बाकीचा कणासोबत तळाशी बसतो. विरघळलेला मात्र जवळपास सगळाच ताबडतोब वापरता येतो. म्हणजे एक टन चिकटलेला फॉस्फरस कमी करून अर्धा टन विरघळलेला वाढवला, तर कागदावर अर्ध्या टनाची बचत दिसते आणि सरोवराला जास्त खाऊ मिळतो. ईरीत तेच झालं.

शेतात काय बदललं

इथे एक अडचणीची गोष्ट सांगायला हवी. मातीला चिकटलेला फॉस्फरस कमी झाला, तो शेतकऱ्यांनी सरकारचं ऐकलं म्हणून. 1980 आणि 90 च्या दशकांत धूप थांबवण्यासाठी बिननांगरणीच्या शेतीचा जोरदार प्रचार झाला, अनुदानं दिली गेली, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी नांगर बाजूला ठेवला. पिकाचे अवशेष जमिनीवर राहिले, माती जागेवर राहिली. उपाय काम करत होता.

पण नांगर आणखी एक काम करायचा, ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं : वर टाकलेलं खत तो खालच्या मातीत मिसळायचा. नांगरणी गेली आणि खत मात्र वरूनच फोकलं जात राहिलं. नत्र पाण्याबरोबर खाली उतरतं, पालाशही थोडं हलतं, पण स्फुरद (शेतीत फॉस्फरसला हेच म्हणतात) पडेल तिथेच अडकतं. त्यामुळे वरच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये स्फुरदाचा थर साचत गेला. पावसाचं पाणी जिथे पहिल्यांदा मातीला भिडतं, तिथेच.

माती परीक्षणात हे दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण नमुना घ्यायची रीतच तशी होती. सळी वीस सेंटिमीटर आत घालायची, आलेली माती एकत्र करायची, प्रयोगशाळेत पाठवायची. वरचा श्रीमंत थर आणि खालची गरीब माती यांची सरासरी निघून ‘मध्यम’ असा शेरा यायचा. मुळांसाठी तो बरोबर होता, कारण मुळं वीस सेंटिमीटरभर हिंडतात. पावसासाठी तो चूक होता.

मातीत स्फुरद कसं राहतं हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून जरा थांबतो. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, चुनखडीयुक्त मातीत कॅल्शियम, यांच्या पृष्ठभागावर फॉस्फेट चिकटतं. सुरुवातीला मातीची ही धरून ठेवण्याची ताकद प्रचंड असते. नव्या जमिनीत खत टाकलं तर त्यातला बराचसा भाग माती गिळून टाकते आणि पिकाला थोडंच मिळतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर, फॉस्फेटची खतं स्वस्त झाल्यावर, शेतकऱ्यांना सल्ला दिला गेला की पिकाला लागतं त्याहून जास्त टाका, जमिनीचा साठा वाढवा. तो सल्ला त्या वेळी योग्यच होता. अडचण अशी, की चिकटण्याच्या जागा भरत जातात तशी मातीची पकड सैल होते. अर्ध्या भरलेल्या मातीत दहा किलो टाकले तर मातीतल्या पाण्यात जेवढा फॉस्फरस वाढतो, त्याहून कितीतरी जास्त वाढ जवळजवळ भरलेल्या मातीत तेवढ्याच दहा किलोंनी होते. शेतकऱ्याला हा फरक दिसत नाही. पीक दोन्हीकडे सारखंच उभं असतं.

दुसरं असं, की पिकाची आणि तळ्याची मोजपट्टीच वेगळी आहे. पीक जोमाने वाढायला मातीतल्या पाण्यात लिटरमागे साधारण 0.2 मिलिग्रॅम फॉस्फरस असावा, असं मृदाशास्त्र सांगतं. सरोवर बिघडायला त्याच्या दहावा भाग, 0.02 मिलिग्रॅमच्या आसपास, पुरतो. पिकाच्या दृष्टीने जी माती उत्तम, तिच्यातून झिरपलेलं पाणी सरोवराच्या दृष्टीने आधीच जास्त आहे. हा कुणाच्या हलगर्जीपणाचा परिणाम नाही. जमिनीवर भरपूर पिकवायचं आणि तिच्या खालच्या अंगाला स्वच्छ उथळ पाणीही ठेवायचं, या दोन इच्छांमध्येच तेवढं अंतर आहे.

आणि रक्कम किती क्षुल्लक! नांगरटीच्या थरात एका हेक्टरमध्ये सगळ्या रूपांतला मिळून हजार किलोच्या घरात फॉस्फरस असतो. मक्याचं चांगलं पीक दाण्यांतून 20 ते 30 किलो घेऊन जातं. पाण्याबरोबर जातो तो वर्षाला हेक्टरी किलो-दोन किलो. कोणताही शेतकरी आपल्या जमाखर्चात ही गळती शोधू शकणार नाही, आणि शोधली तरी ती थांबवायला पैसे घालणं त्याला परवडणार नाही. 2016 मध्ये दोन्ही देशांनी मॉमीसाठी नवं लक्ष्य ठरवलं : मार्च ते जुलै या काळात एकूण फॉस्फरस 860 टन, आणि विरघळलेला 186 टन. हा दुसरा आकडा सगळ्या पाणलोटावर वाटून पाहिला तर हेक्टरी सुमारे 110 ग्रॅम येतो. पाच महिन्यांत. एका ओंजळीत मावेल एवढ्या वजनावर सरोवराचा उन्हाळा ठरतो.

दलदलीची जागा

एवढा फॉस्फरस शेतातून नदीपर्यंत पोचतो कसा, याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीचं आहे.

आज जिथे मॉमीकाठची सपाट, चौकोनी शेतं दिसतात, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे 4 हजार चौरस किलोमीटरची ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ नावाची दलदल होती. हिमयुगाच्या शेवटी इथे एक मोठं सरोवर होतं, त्याच्या तळाची चिकणमाती मागे राहिली. पाणी मुरत नसे, घोडे पोटापर्यंत चिखलात रुतत, हिवतापाने माणसं हैराण होत. 1859 मध्ये ओहायोने चर खणण्याचा कायदा केला. मग वस्तीकरांनी त्याच चिकणमातीच्या नळ्या भाजून त्या शेतांखाली पुरायला सुरुवात केली. बोलिंग ग्रीन गावी जेम्स हिल यांनी चर खणणारं वाफेचं यंत्रच बनवलं आणि काम झपाट्याने उरकलं. शतक संपेपर्यंत दलदल जवळजवळ गेली आणि राज्यातली सर्वांत सुपीक जमीन हाती आली.

या नळ्या आजही आहेत. भाजक्या मातीच्या जागी आता भोकं असलेले प्लास्टिकचे पाइप आले, आणि ते पूर्वीपेक्षा जवळजवळ घातले जातात. मीटरभर खोलीवरून ते पाणी गोळा करून चरात सोडतात, चर ओढ्यात, ओढा नदीत. वसंतात लवकर वाफसा यायचा तर त्यांच्यावाचून गत्यंतर नाही.

शास्त्रज्ञांचा जुना समज असा होता, की फॉस्फरस वरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जातो. मीटरभर मातीतून खाली उतरताना माती तो गाळून घेते, म्हणून निचऱ्याच्या पाण्याची काळजी नको. मातीची ताकद पाहता हा समज पटण्यासारखा होता. पण चिकणमाती उन्हाळ्यात तडकते. गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या सरळ खाली जातात. बिननांगरणीच्या शेतात तर ही बिळं कुणी मोडत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं शाबूत राहतात. वरच्या श्रीमंत थराला भिजवून पाणी या फटींतून थेट पाइपात पडतं. वाटेत त्याची मातीशी गाठ पडतच नाही. याच भागातल्या शेतांच्या कडेला बसवलेल्या मोजणीयंत्रांनी दाखवलं, की शेत सोडणाऱ्या फॉस्फरसपैकी जवळपास निम्मा या जमिनीखालच्या नळ्यांतून जातो.

गांडुळं वाढली हे मातीच्या आरोग्याचं लक्षण म्हणून आपण आनंदाने सांगतो. सांगावंच. पण इथे त्यांच्या बिळांनी केलेलं काम हिशेबात धरावं लागतं.

कायद्याची गंमत पाहा. अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यात ‘पाइपातून’ होणाऱ्या प्रदूषणाला परवाना लागतो. शेतातून पावसाने वाहणाऱ्या पाण्याला मात्र सूट आहे. निचऱ्याचा पाइप हा खराखुरा पाइप असूनही व्यवहारात तो या सुटीतच बसतो. टोलेडोच्या सांडपाणी केंद्राला मिलिग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो, वरच्या अंगाच्या शेतांना नाही.

इतर संशयित

शेणखताबद्दल थोडक्यात. जनावरं आणि कोंबड्या मोठ्या गोठ्यांत एकवटल्या की खतही एकवटतं. खतात नत्राच्या मानाने स्फुरद जास्त असतं. पिकाची नत्राची गरज भागेल एवढं खत टाकलं तर स्फुरद गरजेच्या दुप्पट-तिप्पट पडतं. आणि ओलं खत इतकं जड असतं, की ते पन्नास किलोमीटरवरच्या गरजू शेतात नेण्यापेक्षा जवळच्या, आधीच भरलेल्या शेतात ओतणं स्वस्त पडतं. खोऱ्यातल्या एकूण फॉस्फरसमध्ये रासायनिक खतांचा वाटा मोठा असला तरी काही ओढ्यांपुरता शेणखताचा प्रश्न तीव्र आहे. त्यावरून गावांत जी भांडणं होतात ती अनेकदा वासाची असतात, फॉस्फरसची नाही.

झेब्रा शिंपल्यांचा उल्लेख कुणीतरी करतंच. हे परके शिंपले 1980 च्या दशकाच्या शेवटी महासरोवरांत आले. ते पाणी गाळतात, चांगलं शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस (विष तयार करणारं निळं-हिरवं शेवाळ) थुंकून टाकतात. त्यांचा हात आहे, पण अन्न नसतं तर मायक्रोसिस्टिस फोफावलं नसतं.

पावसाचा मुद्दा जास्त वजनदार आहे. वसंतातला पाऊस वाढला आहे, मोठ्या सरी वाढल्या आहेत. मग सगळा दोष हवामानाचा का? हेलेन जार्वी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हा हिशेब मांडला. 2002 नंतर विरघळलेल्या फॉस्फरसची जी वाढ झाली, तिच्यापैकी सुमारे 35 टक्के वाढत्या पाण्यामुळे आणि 65 टक्के त्याच पाण्यात जास्त फॉस्फरस उतरू लागल्यामुळे. म्हणजे मोठा वाटा मातीचा आणि तिच्याशी आपण कसे वागलो त्याचा.

नायट्रोजनचाही एक वाद चालू आहे. मायक्रोसिस्टिसला हवेतला नायट्रोजन धरता येत नाही आणि विषाच्या रेणूत नायट्रोजन लागतो, म्हणून शेवाळ किती पसरणार हे फॉस्फरस ठरवत असला तरी ते किती विषारी होणार हे नायट्रोजनवरही अवलंबून असतं. 226 क्रमांकाच्या तळ्याचा फोटो या प्रश्नाचं उत्तर देत नाही. ज्या प्रश्नासाठी तो काढला, त्याचंच देतो.

काय केलं गेलं

टोलेडोच्या आधी एक इशारा मिळाला होता. सप्टेंबर 2013 मध्ये शेजारच्या कॅरोल टाउनशिपच्या सुमारे 2 हजार लोकांचं पाणी याच विषामुळे बंद करावं लागलं. दोन हजार माणसांची बातमी फार लांब गेली नाही. वर्षभराने लाखोंची गेली.

2015 मध्ये ओहायोने या खोऱ्यापुरता कायदा केला : गोठलेल्या, बर्फाने झाकलेल्या किंवा पाण्याने तुडुंब जमिनीवर खत टाकायचं नाही. इतका साधा नियम करायला पाणी बंद पडावं लागलं, हे जरा विचित्रच. त्याच वर्षी ओहायो, मिशिगन आणि ओंटारिओ यांनी 2025 पर्यंत फॉस्फरस 40 टक्क्यांनी कमी करायचं कबूल केलं. त्याच उन्हाळ्यात शेवाळाच्या तीव्रतेचा निर्देशांक 10.5 वर गेला, 2011 च्या 10 लाही मागे टाकून. पुढे मार्च 2018 मध्ये राज्याने पश्चिम खोरं अधिकृतपणे ‘बाधित’ जाहीर केलं. 2019 मध्ये गव्हर्नर माइक डिवाइन यांनी ‘एचटूओहायो’ कार्यक्रम सुरू केला. पहिल्या दोन वर्षांसाठी 17.2 कोटी डॉलर. त्यातून माती परीक्षणाप्रमाणे खत देणाऱ्या, खत जमिनीच्या पोटात पेरणाऱ्या, निचऱ्याच्या पाइपांना झडपा बसवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे मिळतात. काही ठिकाणी पाणथळ जागा पुन्हा तयार केल्या जात आहेत. म्हणजे जिथे शंभर वर्षं पाणी काढायला पैसे दिले, तिथेच आता ते अडवायला दिले जातात.

फेब्रुवारी 2019 मध्ये टोलेडोच्या मतदारांनी सरोवरालाच कायदेशीर हक्क देणारा ठराव मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी एका शेतकरी कुटुंबाच्या कंपनीने दावा दाखल केला आणि वर्षभरात संघराज्य न्यायालयाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. शब्दरचना फारच मोघम होती, असं न्यायाधीशांचं म्हणणं. मला त्यात नवल वाटलं नाही. ज्या गळतीला हेक्टरी ग्रॅममध्ये मोजावं लागतं, तिच्यासाठी दोषी कोण हे न्यायालयात सिद्ध करणं अवघडच होतं.

न ठरवता झालेला प्रयोग

त्याच 2019 च्या वसंतात पाऊस थांबेना. वायव्य ओहायोतल्या शेतांमध्ये ट्रॅक्टर शिरू शकले नाहीत आणि पेरणीचा हंगाम बऱ्याच जमिनीवर तसाच निघून गेला. पेरणी नाही म्हणून खतही नाही. कुणी ठरवून असा प्रयोग केला असता तर त्याला वेड्यात काढलं असतं : खोऱ्यातल्या बऱ्याच शेतांत एक वर्ष खत तोडून पाहायचं.

नदी दुथडी भरून वाहत होती. एवढ्या पाण्याबरोबर किती विरघळलेला फॉस्फरस यायला हवा, याचा अंदाज जुन्या नोंदींवरून बांधता येत होता. प्रत्यक्षात त्यापेक्षा सुमारे 30 टक्के कमी आला. खताचा ताजा हात एवढा असतो, हे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं. वर्षभरात केलेल्या बदलाचा परिणाम त्याच वर्षी दिसू शकतो, ही त्यातली आनंदाची बाजू.

उरलेला सत्तर टक्के मात्र त्या वर्षीच्या खताचा असण्याची शक्यता फारशी नव्हती. तो बहुतांश आला मातीतून. ती माती 1950 पासून भरत आलेली, आणि वरच्या चार बोटांत सर्वांत जास्त भरलेली. त्या उन्हाळ्यातही शेवाळाचा निर्देशांक 7.3 पर्यंत गेला.

एलेना बेनेट, स्टीफन कार्पेंटर आणि नीना कॅराको यांनी 2001 मध्ये जगभराचा हिशेब मांडला होता. खाणींतून उपसलेला फॉस्फरस जमिनीवर आणि गोड्या पाण्यात साचत चालला आहे आणि हा साठा औद्योगिक काळाआधीच्या मानाने किमान 75 टक्क्यांनी वाढला आहे, असा तो निष्कर्ष होता. मॉमीचं खोरं म्हणजे त्या हिशेबातली एक लहानशी ओळ. भरलेल्या शेताला खत देणं पूर्ण बंद केलं आणि दर वर्षी पीक काढत राहिलं, तरी माती परीक्षणाचा आकडा खाली यायला दहा-वीस वर्षं सहज लागतात. फार भरलेल्या शेतांना त्याहून जास्त. अशी शेतं थोडी आहेत, पण त्यांच्या वाट्याला गळती त्यांच्या क्षेत्रफळाच्या मानाने कितीतरी जास्त येते. म्हणून आता संशोधक खोऱ्याची सरासरी सोडून तीच शेतं शोधू लागले आहेत. ती सापडायची तर शेतकऱ्याने आपला माती परीक्षणाचा अहवाल दाखवायला हवा, आणि तो त्याचा खाजगी कागद आहे.

इकडे टोलेडोने आपल्या शुद्धीकरण केंद्रावर सुमारे 50 कोटी डॉलर खर्च केले आणि विष मोडण्यासाठी ओझोनची यंत्रणा बसवली. त्या खर्चाचा मोठा भाग शहरातल्या लोकांच्या पाणीपट्टीतून येतो. वरच्या अंगाला कमी खत टाकल्याबद्दल जे पैसे दिले जातात, ते राज्याच्या तिजोरीतून जातात, आणि तिथेही कर भरणाऱ्यांत टोलेडोकर आहेतच.